हेक्टरी किती क्विंटल ते कळलं, पण त्या क्विंटलमध्ये आहे काय?

शाश्वत शेतीचा विषय निघाला की पाणी, कार्बन, खतं, कीटकनाशकं यांवर तावातावाने बोललं जातं. बोलायलाच हवं. पण ज्या दाण्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यात लोह किती, जस्त किती, प्रथिनं किती, हा प्रश्न आपण आहारतज्ज्ञांकडे ढकलून मोकळे होतो. ही फारकत मला फार घातक वाटते.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड संशोधन केंद्राचं ब्रॉडबाल्क नावाचं शेत आहे. तिथे 1843 पासून गव्हाचा एकच प्रयोग चालू आहे आणि जुन्या दाण्यांचे, मातीचे नमुने जपून ठेवले आहेत. ते तपासून 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दाण्यातलं जस्त, लोह, तांबं आणि मॅग्नेशियम 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळपास स्थिर होतं. त्यानंतर ते घसरलं. घसरण सुरू झाली ती जास्त उत्पादन देणारे बुटके वाण आले त्याच सुमारास.

'मातीतलं सत्त्वच संपलं' असं आपण सहज म्हणतो. पण इथल्या मातीत ही खनिजं कमी झालेलीच नव्हती. काही तर वाढली होती. आणि घसरण सगळीकडे सारखीच दिसली: रासायनिक खताच्या वाफ्यात, शेणखताच्या वाफ्यात आणि काहीच न घातलेल्या वाफ्यातही. सेंद्रिय म्हणजे आपोआप पौष्टिक असं मानणाऱ्या माझ्या मित्रांनी यावर जरूर विचार करावा. बुटक्या वाणात झाडाने बनवलेल्या अन्नाचा मोठा वाटा दाण्यात जातो. पिष्ट भरपूर भरतं, खनिजं त्या वेगाने येत नाहीत, म्हणून दर ग्रॅममागे ती विरळ होतात. त्या वाणांनी कोट्यवधी पोटं भरली, त्यांना मी दोष देणार नाही. पण वाण निवडताना फक्त वजन पाहिलं, तर वजनच मिळणार.

मातीचा संबंध नाही असं मात्र अजिबात नाही. मायकोरायझा ही बुरशी मुळांशी जोडून घेऊन दूरवरचं स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त झाडाला आणून देते. स्फुरदयुक्त खत भरमसाट पडलं की झाडाला तिची गरज उरत नाही, मुळांवरची बुरशी घटते आणि जस्ताची आवकही रोडावते. म्हणजे खताचा अपव्यय थांबवणं आणि दाणा सकस करणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. फिनलंडच्या मातीतून पिकांना सेलेनियम फारच कमी मिळत होतं. तिथे 1980 च्या दशकाच्या मध्यापासून ते खतातून द्यायला सुरुवात झाली आणि लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढलं. शेतातल्या एका निर्णयाचा परिणाम थेट रक्तात दिसला!

त्यात हवामानबदलाची भर. या शतकाच्या मध्यापर्यंत हवेत जितका कार्बन डायऑक्साइड असेल असा अंदाज आहे, तितका उघड्या शेतात सोडून केलेल्या प्रयोगांमध्ये गव्हातलं जस्त सुमारे 9 टक्के आणि लोह सुमारे 5 टक्के कमी भरलं. हे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचं पोट मुख्यतः धान्यावरच भरतं, त्यांच्यासाठी ही घट किरकोळ नाही.

आणि आपले अन्नघटकांचे तक्ते? बहुतेकदा एका पदार्थासमोर एकच आकडा. पांढऱ्या गराच्या रताळ्यात बीटा-कॅरोटीन, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, जवळजवळ नसतं, नारिंगी गराच्या रताळ्यात भरपूर असतं. 'रताळं' म्हणून या दोघांची सरासरी काढली तर ती कोणत्याच रताळ्याची नसते. वाण, माती, हंगाम यांची नोंद आकड्याशेजारी हवीच. पिकाला किती पाणी लागलं, किती कार्बन सुटला, हा पर्यावरणाचा हिशेबही किलोमागे मांडला जातो. तो किलोतल्या पोषणामागेही मांडून बघा, पिकांचे क्रम बदलतील.

नव्या वाणाला मान्यता देताना उत्पादन आणि रोगप्रतिकारासोबत जस्त, लोह आणि प्रथिनं मोजणं सक्तीचं करा, अशी माझी मागणी आहे. हे अशक्य नाही. जास्त जस्ताचे गव्हाचे वाण पारंपरिक पैदाशीतूनच तयार झाले आहेत. फक्त या मोजणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारू नका. त्याला आजही दाम वजनाचाच मिळतो, आणि तो बदलल्याशिवाय त्याने सकस पण कमी उतारा देणारं बियाणं पेरावं ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.