"हे इंग्रजीच नाही" म्हणणाऱ्या बाईंसाठी

आज ऑफिसात इंग्रजी संभाषणाचं ट्रेनिंग होतं. बाहेरून आलेल्या बाईंनी आमच्या परभणीच्या नव्या मुलीला भर हॉलमध्ये मध्येच तोडलं. "हे इंग्रजीच नाही." पोरगी रडवेली झाली. घरी आले तरी माझं डोकं तापलेलंच आहे.

कुठलं इंग्रजी हो बाई? मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीला राहत होते तेव्हा एका लायब्ररीत विचारलं, पिण्याचं पाणी कुठे आहे? तिथल्या आजी म्हणाल्या, बबलरपाशी. मला काही कळेना. त्या उठून मला थेट पाण्याच्या नळाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "इकडे असंच म्हणतात." आवाजात ना संकोच, ना ओशाळलेपण.

त्याच विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनच्या विद्यापीठात, अशा त्या-त्या भागातल्या शब्दांचा कोश झाला. 'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश', म्हणजे 'डेअर'. करणारे फ्रेडरिक कॅसिडी जन्माने जमैकाचे! १९६५ ते १९७० त्यांची माणसं व्हॅनमधून देशभर फिरली. १,००२ गावं-शहरं, २,७७७ माणसं, प्रत्येकासाठी दीड हजारावर प्रश्न. स्वयंपाक, शेती, पाऊस, दुखणी, सगळं विचारलं. पहिला खंड १९८५ला आला, छापला हार्वर्डच्या प्रेसने. ए ते सी. म्हणजे लायब्ररीतल्या आजींचा बबलर पहिल्याच खंडात! ट्रेनरबाई, ऐकताय ना?

या कोशाच्या वार्तापत्राचं तर मला फारच अप्रूप आहे. १९९८पासून ते निघायला लागलं. कोश कुठल्या अक्षरापर्यंत पोचला, पैसे कुठून आले, अजून किती हवेत, सगळं त्यात मोकळेपणाने. विद्वान माणसं दर वेळी हात पसरत होती, कशासाठी, तर कुठल्यातरी खेड्यातल्या म्हातारीचा शब्द छापला जावा म्हणून. कॅसिडी २००० साली गेले, तेव्हा कोशाचे तीनच खंड निघाले होते. थडग्यावर कोरलंय, 'ऑन टू झेड!' जोन ह्यूस्टन हॉल यांनी काम पुढे नेलं आणि २०१२ला झेड गाठलं. हे लिहितानाही भरून येतं.

वेळ आणि पैसा फार गेला, खरं आहे. नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यांना समजेल असं बोलावं लागतं, तेही मान्य. पण समजावून सांगणं वेगळं आणि चारचौघांत पाणउतारा करणं वेगळं. त्या आजींना मी काय बोलतेय ते नीट कळत नव्हतं, माझे उच्चार त्यांना नवे होते. तरी त्या हसल्या नाहीत, उठून सोबत चालल्या. शिकवणं त्याला म्हणतात.

संध्याकाळी त्या मुलीला फोन करून हे सगळं सांगितलं. पुढच्या सत्राला ती जाणार नाही. वरून कोणी विचारलं तर उत्तर मी देईन.