गुरुवारच्या त्या चाळीस मिनिटांविषयी: एका पालकांच्या अभिप्रायास उत्तर

सन्माननीय पालक महोदय,

आपला अभिप्राय मी तीनदा वाचला. सराव संपल्यावर आपल्या मुलाला मैदानाच्या फाटकाजवळ पावसात उभे राहावे लागले, त्याबद्दल कोल्हापुरातल्या आमच्या फुटबॉल वर्गाच्या वतीने मी आपली आणि त्याची माफी मागतो. चूक आमची होती, त्यात किंतु-परंतु काही नाही. मात्र त्यापलीकडे आपण आणखी चार गोष्टी लिहिल्या आहेत. मूल सव्वा तास बेवारशासारखे उभे होते. आमचे प्रशिक्षक त्याच रस्त्याने फुलेवाडीकडे जात असूनही त्यांनी त्याला मोटारसायकलवरून घरी सोडले नाही. आपण पाठवलेल्या मित्राला चारचौघांत अपमान करून परत लावले. आणि ‘बालसुरक्षा’ हे पालकांकडून दीडशे रुपये उकळण्याचे नाटक आहे. हे सारे एका ताऱ्यासह जाहीरपणे लिहिलेले असल्यामुळे उत्तरही इथेच द्यावे लागत आहे.

त्याआधी एक विनंती. अभिप्रायासोबत आपण मुलाचा गणवेशातील फोटो जोडला आहे. त्यात त्याचा चेहरा, जर्सीवरचे नाव आणि मागे आमच्या मैदानाची पाटी स्पष्ट दिसते. सरावाचे वार आणि वेळ आपण मजकुरात लिहिलेच आहेत. एखाद्या अनोळखी माणसाला मूल कुठे आणि किती वाजता सापडेल, हे कळण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. अभिप्राय तसाच राहू द्या, तारेही वाढवू नका, पण फोटो कृपया आजच काढा. मी स्वतः या उत्तरात मुलाचे नाव, वय किंवा गट लिहिणार नाही.

आता वेळेबद्दल. आमच्याकडे मुलांना नेण्याची एक वही असते, ती आपण पाहिली आहे, कारण त्या दिवशी आपणच तिच्यावर शेवटची सही केली. शेवटची शिट्टी ६ वाजून १५ मिनिटांनी झाली. आपल्या मुलाशिवायचे शेवटचे मूल ६.२२ ला गेले. आपण ७.०२ ला आलात. म्हणजे तो एकटा थांबला ती वेळ चाळीस मिनिटांची होती. शिट्टीपासून मोजायचे तर सत्तेचाळीस. चाळीस मिनिटे थोडी आहेत असे मी म्हणत नाही, माझीही मुले आहेत. पण सव्वा तास आणि चाळीस मिनिटे यांत जो फरक आहे, तो वाचणाऱ्या इतर पालकांच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि आपला अभिप्राय आल्यापासून दोन पालकांनी मुलांची नावे काढून घेतली आहेत. सेहेचाळीस मुलांच्या वर्गात, मैदानाचे भाडे आणि दोन प्रशिक्षकांचे मानधन भागवताना, दोन नावे म्हणजे काय हे मी इथे विस्ताराने सांगत नाही.

आपले मित्र ६.२९ ला आले. मुलाने त्यांना ओळखले, ‘काका’ अशी हाकही मारली, हे खरे आहे. पण प्रवेश अर्जावर मुलाला नेण्यासाठी फक्त दोन नावे आहेत, आपले आणि आपल्या पत्नींचे. प्रशिक्षकांनी त्यांच्यासमोरच आपल्याला ६.३१, ६.३३ आणि ६.३८ ला फोन लावला. वहिनींचा फोन संपर्क क्षेत्राबाहेर होता. ६.३९ ला मित्र रागावून निघून गेले. आपला फोन ६.४१ ला आला. तेव्हा आपण तावडे हॉटेलजवळच्या गर्दीत अडकला होतात, आणि मित्राकडे मूल द्यायला हरकत नाही असे आपण सांगितलेत. दोन मिनिटांचा घोळ झाला, साहेब. आपण एमआयडीसीतून निघतानाच मित्राचे नाव एका ओळीच्या निरोपाने कळवले असते, तर मूल साडेसहालाच घरी निघाले असते.

अपमान झाला असे आपण लिहिले आहे. प्रशिक्षक मोठ्या आवाजात बोलले असतील तर त्यांच्या वतीने मी आपल्या मित्रांची क्षमा मागतो. परंतु ‘नाव नाही म्हणून मूल देता येत नाही’ हे वाक्य कितीही हळू उच्चारले तरी समोरच्याला लागतेच, याचा अनुभव मला आहे. गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही आम्ही असेच परत पाठवले होते आणि घरी त्याची किंमत मी मोजली.

ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त दुखावले, ती मोटारसायकलची. ‘त्याच रस्त्याने जाणाऱ्या माणसाला एवढीही माणुसकी नाही’ असे आपण लिहिले आहे. मी शिवाजी पेठेत वाढलो. पेठेतला मोठा खेळाडू आम्हा तिघांना एकाच स्कूटरवर बसवून शाहू स्टेडियमवर मॅचला घेऊन जायचा, येताना मिसळ खाऊ घालून दारात सोडायचा, आणि आमच्या आईवडिलांनी त्याला कधी नाव-गाव विचारले नाही. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींनी आणि अशा दादा लोकांनीच वाढवला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. त्यामुळे आपल्याला प्रशिक्षकांचे वागणे कोरडे वाटले, यात मला नवल वाटत नाही. मलाही पहिल्यांदा हा नियम कोरडाच वाटला होता.

पण नियम असा आहे की आमचा कोणताही प्रशिक्षक कोणत्याही मुलाला एकट्याने आपल्या वाहनावर नेत नाही, त्याच्याबरोबर बंद खोलीत एकटा थांबत नाही आणि त्याला स्वतंत्रपणे फोनवर निरोप पाठवत नाही. मुलगा असो वा मुलगी, नियम एकच. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदाही २०१२ पासून अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी यांत भेद करत नाही. इंग्लंडमध्ये २०१६ साली अँडी वुडवर्ड या माजी फुटबॉल खेळाडूने लहानपणी प्रशिक्षकाकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल तोंड उघडल्यावर एकामागून एक खेळाडू पुढे आले, आणि १९७० ते २००५ या काळाची चौकशी करणारा क्लाइव्ह शेल्डन यांचा अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला बॅरी बेनेल नावाचा प्रशिक्षक मुलांना स्वतःच्या घरी मुक्कामाला नेत असे, आणि पालक मोठ्या विश्वासाने पाठवत असत. आपल्याकडेही २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला परदेश दौऱ्यातील गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावे लागले. या माणसांच्या चेहऱ्यावर काही लिहिलेले नव्हते. आमचा प्रशिक्षक चांगला आहे हे मला ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे; पण चांगल्या माणसासाठी नियम सैल केला की उद्या येणाऱ्या कोणत्या माणसासाठी तो आवळायचा, हे मला कोणी सांगू शकलेले नाही. त्यातून माझ्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा मी पोलिसांना कळवला नाही, तर पॉक्सोच्या कलम २१ प्रमाणे संस्थेचा प्रमुख म्हणून मला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे मी आपल्याला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. घाबरलेला मीच आहे.

आणि आता, जे मला लिहायला जड जाते ते. हाच नियम आम्ही त्या संध्याकाळी अर्धवट पाळला. शेवटचे मूल जाईपर्यंत मैदानावर दोन मोठी माणसे असली पाहिजेत, असे आमच्याच अर्जावर छापलेले आहे. आमच्या सहायक प्रशिक्षिका घरच्या कामासाठी ६.१५ ला गेल्या, त्यांना मीच परवानगी दिली होती. मैदानावरचा माणूस पत्र्याच्या शेडला कुलूप लावून ६.२० ला गेला, किल्ली त्याच्याकडेच. प्रशिक्षक एकटे उरले, म्हणून ते मुलापासून आठ-दहा पावलांवर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असे उभे राहिले. नियमाच्या दृष्टीने बरोबर, पण त्यामुळे पहिली पंधरा मिनिटे मूल भुरभुर पावसात फाटकाला टेकून उभे होते. नंतर त्यांनी आपला विंडचीटर त्याच्या अंगावर घातला, समोरच्या चहाच्या गाड्याच्या ताडपत्रीखाली, गिऱ्हाइकांच्या देखत, त्याला बाकावर बसवले आणि बिस्किटांचा पुडा घेऊन दिला. आपण आलात तेव्हा तो तिथेच बसला होता. ‘बेवारशासारखे’ हा शब्द म्हणूनच मला लागला. ओले होऊ दिले, हे मान्य. बेवारस ठेवले नाही.

दीडशे रुपयांबद्दल थोडक्यात. ही रक्कम वर्षातून एकदा घेतली जाते आणि ती प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी, प्रथमोपचाराची पेटी आणि मैदानावर ठेवलेला वर्गाचा स्वतंत्र फोन यांवर खर्च होते. पावत्या माझ्याकडे आहेत, कोणीही पाहाव्यात. आपल्याला ती रक्कम परत हवी असल्यास मी देईन, पण त्यामुळे आपल्या मुलासाठी यांतली एकही गोष्ट कमी होणार नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत पालकांना येऊ देत नाही, अशीही एक ओळ आपण शेवटी घातली आहे. आत इतरांचीही मुले असतात, एवढेच तिचे उत्तर.

शेडची दुसरी किल्ली करून घेतली आहे. दोन मोठ्या माणसांच्या नियमाकडे यापुढे मी जातीने लक्ष देईन, आणि अर्जावर तिसऱ्या नावासाठी जागा व फोनवरून खात्री करण्यासाठी परवलीचा शब्द असावा, असा विचार चालू आहे. पावसाळा संपेपर्यंत काहीतरी नक्की होईल. सराव संपल्यावर दहा मिनिटांत मुलांना न्यावे, ही सर्वच पालकांना विनंती आहे. वहीप्रमाणे त्या महिन्यात आपल्याला उशीर होण्याची ती तिसरी वेळ होती, हे मी लिहिणार नव्हतो, पण लिहिले गेले.

मुलाच्या वागणुकीबद्दल, खेळाबद्दल आमची तक्रार कधीच नव्हती आणि नाही. त्या गुरुवारपासून तो आलेला नाही. त्याचे डाव्या पायाचे शिनगार्ड बाकाखाली सापडले असून ते कार्यालयात जपून ठेवले आहे. मंगळवार, गुरुवार किंवा शनिवारी साडेचार ते सात या वेळेत ते घेऊन जावे. आपल्याला सवड नसल्यास मित्रांना पाठवले तरी चालेल. मुलाला न्यायचे असेल तर मात्र आधी अर्जावर त्यांचे नाव लिहून द्यावे.

आपला नम्र,
संचालक व मुख्य प्रशिक्षक