बंदुकीला तेल किती? निफाडच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांच्या वेळची दोन नळ्यांची (डबल बॅरल) बारा बोअर बंदूक आजवर खोबरेल आणि शिलाई मशीनच्या तेलावर ठणठणीत आहे, पावसाळ्याआधी तिला तेलाने न्हाऊ घालून कपाटात उभी केली की गंज फिरकत नाही, नातवाच्या एअर रायफललाही तुम्ही तेच तेल सोडता, आणि आधीच्या लेखात ‘थेंबभर पुरे’ असं लिहून मी लोकांच्या बंदुका गंजवणार.

शिलाई मशीनच्या तेलावरून आपला वाद नाहीच. ते स्वच्छ, पातळ खनिज तेल आहे, सांध्यांना चालतं. पातळ असल्यामुळे ओघळतं आणि पावसाळ्यात पुन्हा पुन्हा लावावं लागतं, एवढंच. महागडी बाटली आणाच, असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

खोबरेल मात्र बंद करा. ते साधारण 24 अंशांखाली थिजतं. निफाडला थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, हे मी तुम्हाला काय सांगणार. डोक्याच्या तेलाची बाटली सकाळी उन्हात ठेवावी लागते, तेच तेल घोड्याच्या स्प्रिंगपाशी असेल तर मार हलका पडतो आणि काडतूस उडत नाही. जवसासारखी तेलं हवेने वाळून चिकट होतात. लाकडाला ती चांगली, यंत्राला वाईट.

खरा मुद्दा मात्र प्रमाणाचा आहे. तेलाने न्हालेली बंदूक नळी वर करून ठेवली की तेल खाली उतरतं, चापाच्या कळीत (बार उडवणाऱ्या यंत्रणेत) शिरतं आणि तिथून दस्त्याच्या लाकडात मुरतं. अशी एक जुनी बारा बोअर मी जवळून पाहिली आहे. लोखंड चकाचक, पण कळीमागचं मनगटाएवढं लाकूड काळं पडलेलं. नखाने दाबलं तर वण उठत होता, आणि कळीच्या कडेपासून केसासारखी बारीक चीर मागे गेलेली. बाराचा धक्का त्याच लाकडाने झेलायचा असतो. म्हणून तेल लावल्यावर काही दिवस नळी खाली करून, तोंडाशी कापड ठेवून उभी करा. उरलेलं तेल लाकडाकडे जात नाही.

गंज टाळणं आणि घर्षण कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकत्र केल्यामुळे हा घोळ होतो. गंज टाळायला धातूवर तेलाचा पातळ, अखंड थर लागतो. तेलाच्या कापडाने पुसलं की तो बसतो. ओतून जाड होत नाही, ओघळून जातो. हाताळून झाल्यावर बोटांचे ठसे पुसणं तर तेलापेक्षाही महत्त्वाचं, कारण घामातल्या मिठाने एका रात्रीत डाग पडतो. पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या किंवा कापडी म्यानात ठेवू नका, म्यान ओल धरतं. घर्षणासाठी मात्र काडतूस भरताना नळी जिथे वाकून उघडते त्या बिजागरीच्या खिळीवर आणि हुकावर टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस लावायचं, तेल नव्हे. तिथे दाब एवढा असतो की तेल बाजूला सरकतं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात आणखी एक पेच आहे. इगतपुरी-त्र्यंबककडे ओल शत्रू, तर येवला-सिन्नरकडे धूळ. ओल्या तेलावर धूळ बसली की पॉलिशपेपर तयार होतो, म्हणून त्या बाजूला उन्हाळ्यात बाहेरचे भाग कोरडे पुसलेलेच बरे.

डब्ल्यूडी-40बद्दलही विचारलंत. 1953 साली ते पाणी हटवण्यासाठीच बनवलं गेलं. बंदूक पावसात भिजली तर जरूर मारा, मग पुसून काढा आणि नेहमीचं तेल लावा. काडतुसांजवळ मात्र कुठलंच तेल नको, काडतुसाच्या बुडाच्या टोपीत (जिच्यावर मार बसून बार उडतो) झिरपलं तर काडतूस फुसकं निघतं.

नळीसाठी एनसीसीची पद्धत उत्तम. आधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासा. मग पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) कोरडी चिंधी, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी थोडी अरुंद चिंधी, दोन थेंब तेलाची. अरुंद एवढ्यासाठी की ती नळी घासून तेल परत काढत नाही. फायरिंगच्या आधी पुन्हा एक कोरडी चिंधी फिरवा, तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते.

आता नातवाची रायफल. ही काळजीची गोष्ट आहे, म्हणून शेवटी पण ठामपणे सांगतो. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये पिस्टन हवा इतक्या झटक्याने दाबतो की ती तापते, आणि खनिज तेलाची वाफ तिथे डिझेल इंजिनासारखी पेटते. मोठा आवाज, धूर, जळलेलं सील, आणि छर्‍याचा वेग दर वेळी वेगळा. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे मुलाने कितीही मेहनत केली तरी गुण येणार नाहीत. कॉम्प्रेशन चेंबरला लागलंच तर सिलिकॉन तेल, तेही नावापुरतं. सिलिंडरमध्ये आधीच दाबाने हवा भरलेली पीसीपी रायफल असेल तर फक्त ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस. त्या दाबाच्या हवेशी खनिज तेलाची गाठ घालणं धोक्याचं आहे.

तुमच्या बारा बोअरचं कळीमागचं लाकूड एकदा उजेडात बघा. काळं किंवा मऊ वाटलं, तर परवानाधारक गनस्मिथकडून दस्ता उतरवून तपासून घ्या आणि तोवर फायर करू नका. लाकूड कसं निघालं ते इथे कळवा.