कोमल निषाद, फलाट क्रमांक तीन

काल दुपारी बारा वाजता कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या रांगेत मला गायला लावलं. हातात एल.सी.चा अर्ज, पाठीवर सॅक, पोटात सकाळचा एक कप चहा.

मागची हकिगत दोन ओळींत उरकतो, घरी ती रोज सविस्तर होतेच. बारावीनंतर इंजिनिअरिंग, एक वर्ष. ते सोडून बी.एस्सी., एक वर्ष. आता हेही सोडून बी.ए. संगीताला जावं का, एवढाच प्रश्न आहे. गेलो तर तिसऱ्यांदा एफ.वाय., आणि वर्षानं धाकटी मावसबहीण मला सीनियर. बाबा म्हणाले, "चौथं काय ठरवलंयस तेही आत्ताच सांगून टाक."

अर्जावर 'कॉलेज सोडण्याचे कारण' असा रकाना आहे. मी 'संगीत शिक्षण' लिहिलं. खिडकीतल्या मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "कॉम्प्युटरला असलं कारण नाही. पुढील शिक्षण, स्थलांतर, विवाह, इतर. लग्न ठरलंय का?"

"नाही."

"मग इतर."

तेवढ्यात मागून आवाज आला, "गातोस व्हय? म्हणून दाखव की."

या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. लग्नात, बारशात, लिफ्टमध्ये, कुठंही निघतं. माझा एक मित्र सी.ए. करतोय, त्याला आजवर कुणी 'ताळेबंद जुळवून दाखव की, दोनच ओळी' म्हटलेलं नाही.

मागं एक काका होते. नातीचं बोनाफाईड न्यायला आलेले, एसटीचे निवृत्त कंट्रोलर. बोनाफाईड बाजूला राहिलं, ते माझ्या प्रकरणात शिरले. "भीमसेन जोशी अकराव्या वर्षी घरातनं पळाले. बिनतिकीट. टी.सी.ला गाणं ऐकवत गेले गुरू शोधत. त्यांनी एल.सी. नेली हुती का?"

रांगेतल्या चार जणांनी माना डोलावल्या. मला उत्तर सुचलं ते घरी येताना, बसमध्ये. आमच्या मिरजेतच गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी पाणी न भरता, वर्गात बसून, परीक्षा देऊन गाणं शिकता यावं म्हणून. पळून जायची धमक नसलेल्यांची सोय त्या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवलीय. त्यांच्या कृपेनं मी गाण्याची 'मध्यमा पूर्ण' परीक्षा पास आहे. प्रमाणपत्र घरात कॅलेंडरमागं टांगलंय, कारण खिळा एकच आहे.

पण खिडकीपाशी यातलं काही सुचलं नाही. मी गायलो. दुपारची वेळ म्हणून दुपारचा राग, वृंदावनी सारंग. वर पंखा पेटीच्या काळी एक पट्टीच्या जरा खाली घरघरत होता, आत शिपाईमामा शिक्के मारत होते, एकही समेवर नाही. चढताना शुद्ध निषाद कसाबसा लागला, उतरताना कोमल निषाद, म्हणजे जरा खालचा 'नी', सापडेना. मी तिथं चाचपडत राहिलो आणि वरच्या षड्जावर परत जायला गेलो तर आवाज फाटला. कुणीतरी "वा" म्हणालं. त्या 'वा'ला काय म्हणतात ते मला कळतं.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज पोटातनं काढायचा. आम्ही एकतीस वर्षं काढला." मग घसा खाकरला, एक हात कानावर ठेवला आणि खिडकीकडं तोंड करून सुरू केलं:

"प्रवाशांनी लक्ष द्याऽवं! मिरजहूऽन पुण्याला जाणारी जलद गाडीऽ... मार्गेऽऽ सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा, स्वारगेऽट... फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहेऽऽ!"

कॉरिडॉर गप्प झाला. शिक्के थांबले. कॅशच्या रांगेतल्या एका मुलीनं तर सॅक उचलून घेतली. आणि सांगायला जिवावर येतं, पण मला न सापडलेला कोमल निषाद या माणसानं 'मार्गे'वर ठेवला होता. नुसता ठेवला नाही, त्यावर उभे राहून त्यांनी सांगली येईपर्यंत दम घेतला नाही.

मॅडम हसल्या. गेल्या वर्षभरात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "काका, द्या इकडं," म्हणून नातीचं बोनाफाईड तिथल्या तिथं सही-शिक्क्यासह निघालं. मग खिडकीची काच ओढत मला, "तू सोमवारी ये. आणि आधी नीट ठरव. आमचं एल.सी.चं पुस्तक म्हणजे तिकिटाचं मशीन नाही."

ठरवायचं कसं? 2020 च्या शैक्षणिक धोरणापासून आमचे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, म्हणे बँकेत जमा होतात, कुठंही नेता येतात. माझे 44 जमा आहेत. केमिस्ट्रीचे क्रेडिट गाण्यात चालतील का, असं इथं विचारलं तर "तिथं विचार". तिथं विचारलं तर "आधी एल.सी. आणा". आणि एल.सी. एकदा काढली की इथली जागा गेली. म्हणजे उडी मारा, मग पाणी आहे का ते सांगतो. वर इंजिनिअरिंगच्या एल.सी.वर लिहिलंय 'वर्तणूक: चांगली'. तेवढं एक आहे.

फाटकाशी काका भेटले. नंबर घेतला. गणपतीत सोसायटीत माझा कार्यक्रम ठेवतो म्हणाले. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "लेका, शिकतोयस ना अजून?"

आज पहाटे तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून बसलो. सारंगाची वेळ नव्हती, पण कोमल निषाद डोक्यातून जाईना. दार लावून हळूच 'मार्गेऽऽ' म्हणून बघितलं. लागला. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, सातारा-स्वारगेटपर्यंत गेलो.

आतून आजी म्हणाली, "अरे, कुठली गाडी लागली?"