गुडघे काढून ट्रेमध्ये ठेवू का?

माझ्या दोन्ही बदललेल्या गुडघ्यांत कोबाल्ट-क्रोमियमचा धातू आहे, खाली टायटॅनियमची बैठक. विमानतळावरच्या तपासणीत त्या धातू शोधणाऱ्या चौकटीतून गेलं की ती कोकलणारच! मी आधीच सांगते, "गुडघे बदललेत हो." तरी पडद्याआड बाई हातातलं यंत्र फिरवतात, ते कुंईऽऽ करतं आणि त्या विचारतात, "जेब में क्या है?" अहो, साडीला कुठला आलाय खिसा! मग साडी वर करून टाक्यांचा व्रण दाखवायचा. डॉक्टरांचं पत्र कुणी उघडूनही बघत नाही. आणि बघितलं तरी यंत्र थोडंच गप्प बसणार आहे?

तपासणीला माझी ना नाही. पण गुडघे बदललेली माणसं आता गल्लोगल्ली आहेत, दर वेळी एवढं आश्चर्य कसलं? ते मिलिमीटर लहरींचे बॉडी स्कॅनर असतात ना, ते कातडीच्या आत बघतच नाहीत, कपड्यांखाली काय लपवलंय तेवढंच दाखवतात. बसवा की ते सगळीकडे! तोवर निदान एक खुर्ची तरी ठेवा. या गुडघ्यांनी एका पायावर उभं राहून बूट काढायचे म्हणजे...

आणि पलीकडे आमचे हे, पर्स हातात घेऊन, "एवढा वेळ काय करत होतीस?"