सिल्व्हर स्क्रीनवरचा डाग आम्ही का पुसला नाही: एक स्टार देणाऱ्या थिएटर व्यवस्थापकांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी अशा: पडद्यावर कोल्ड्रिंक उडालं म्हणून आम्हाला, सिनेमाचे पडदे साफ करणाऱ्यांना, बोलावलंत. आम्ही टॉर्च मारून फोटो काढले, तपासणीचे 1,500 रुपये घेतले आणि डागाला हात न लावता निघून गेलो. दुसऱ्या दिवशी तुमच्या हाऊसकीपिंगच्या मुलाने काच पुसायच्या लिक्विडने तो पाच मिनिटांत काढला. मधल्या भागातल्या काळपट झाकेबद्दल विचारलंत, तर आम्ही 'एसीवाल्याला बोलवा' म्हणालो. आणि तुमच्या ओळखीच्या थिएटरचा पडदा आम्ही ओल्या फडक्याने साफ केला होता, मग तुमचाच का नाही?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

त्या थिएटरचा पडदा मॅट व्हाइट होता. पांढरं पीव्हीसी, वरून वेगळा लेप नाही. अशा पडद्यावर जपून काम करता येतं. आधी मऊ ब्रशने वरून खाली धूळ काढायची. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये अगदी थोडा सौम्य साबण, फडकं घट्ट पिळायचं आणि डाग टिपायचा, घासायचा नाही. मागून एकाने सपाट पॅड धरून उभं राहायचं, कारण पडदा फ्रेमवर ताणलेला असतो आणि नुसत्या हाताच्या दाबानेही तिथे ताण पडतो. पाणी जास्त झालं तर आवाजासाठी ठेवलेल्या बारीक भोकांतून ते मागच्या स्पीकरपर्यंत जातं. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी तर नकोच. ते वाळलं की क्षारांचे पांढरे ओघळ उरतात आणि एका डागाचे चार होतात.

तुमचा पडदा सिल्व्हर आहे, 3D साठी बसवलेला. त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म कणांचा फवारलेला लेप असतो आणि चित्र उमटतं ते या लेपामुळेच. पोलराइज्ड चष्म्याच्या 3D मध्ये दोन डोळ्यांची दोन चित्रं वेगवेगळ्या पोलरायझेशनच्या, म्हणजे लहरी वेगवेगळ्या ठरावीक पद्धतीने कंप पावणाऱ्या, प्रकाशाने येतात. धातूवरून परतताना ते पोलरायझेशन टिकतं, साध्या पांढऱ्या पडद्यावर ते मोडतं. म्हणून हा लेप जिथे घासला जाईल तिथे एका डोळ्याचं चित्र दुसऱ्या डोळ्यालाही दिसू लागतं. तुमचे ऑपरेटर याला घोस्टिंग म्हणतात.

2D मध्येही सुटका नाही. सिल्व्हर पडदा प्रकाश सगळीकडे सारखा पसरवत नाही, ठरावीक दिशेला जास्त फेकतो. घासलेल्या जागी कण झिजतात, चकाकतात किंवा लेपासकट निघून जातात, आणि तेवढा भाग मधल्या सीटवरून उजळ, तर कडेच्या सीटवरून काळा दिसू शकतो. कोल्ड्रिंकचा फिकट डाग अंधाऱ्या दृश्यात कोणाला दिसला नसता. घासलेला पट्टा मात्र आकाश, पाणी, पांढरी भिंत आली की प्रत्येक वेळी दिसतो. काच पुसायच्या लिक्विडमध्ये बहुधा अल्कोहोल किंवा अमोनिया असतो. या लेपावर ते लावायचंच नसतं. त्या मुलाचा यात काही दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नसणार. कृपा करून त्याला बोलू नका.

डाग गेला असं तुम्हाला दिसलं ते हॉलचे दिवे चालू असताना. आता एक करा. शो नसताना प्रोजेक्टरच्या केबिनमधून फुल व्हाइट पॅटर्न, म्हणजे पडदाभर नुसता पांढरा प्रकाश, लावा. डिजिटल सिनेमाच्या मानकाप्रमाणे 2D ला पडद्याच्या मध्यभागी 48 निट (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा, तेवढा आहे ना हे ऑपरेटरकडून बघून घ्या. मग मधल्या रांगेत मध्यावर बसा, नंतर त्याच रांगेच्या दोन्ही टोकांना जा. जिथे फडकं फिरलं तिथे तुमची नजर आपोआप जाईल. जागा एकसारखी दिसली, तर मला मनापासून आनंद होईल.

काळपट झाक. ती डाग नाहीच, म्हणून एसीचं नाव घेतलं. हॉलमधला आणि पडद्यामागचा हवेचा दाब सारखा नसेल तर हवा भोकांतून सतत ये-जा करते आणि धूळ भोकांच्या कडेला बसत राहते. ब्रशने ती काढली तरी काही महिन्यांत परत येणार. त्याचं बिल तुमच्याकडून पुन्हा पुन्हा घेत राहणं मला सोपं होतं. पावसाळ्यात एसी रात्रभर बंद राहतो, दमट हवा मागे कोंडते आणि सांध्यांवर बुरशीचे ठिपके येतात. तुमच्याकडे ते अजून आलेले नाहीत. येऊ नयेत म्हणून मागच्या बाजूला हवा खेळती ठेवा आणि धूळ तिथेही झाडून घ्या, फक्त पुढून नाही.

तपासणीचे पैसे तुम्ही परत मागितलेत. ते परत करणार नाही. ही फी फोनवर आधीच सांगितली होती, आणि तिच्या बदल्यात पडद्याचा प्रकार, लेपाची अवस्था, डागाची जागा आणि 'ओलं काही लावू नका' ही सूचना तुम्हाला लेखी दिली आहे. हात लावायचा नाही हे ठरवण्यासाठीही पडदा वाचता यावा लागतो, आणि आमच्या धंद्यात तेच काम सगळ्यात जोखमीचं आहे. डाग पुसून तुमच्याकडून दुप्पट पैसे घेऊन मी त्याच दिवशी निघू शकलो असतो. लाखोंचा पडदा त्यासाठी पणाला लावणं मला मान्य नाही.

पट्टा दिसला तर त्यावर आता काहीही लावू नका. चंदेरी स्प्रे मारून जागा बुजवून देतो म्हणणारेही भेटतील, त्यांनाही नको म्हणा. मूळ लेपाशी ती जागा जुळत नाही आणि कडा उठून दिसतात. फुल व्हाइटवरचे फोटो तिन्ही जागांवरून काढून अहवालावरच्या नंबरवर पाठवा. नवा पडदा घ्यायची वेळ आलीच, तर सप्लायरशी बोलताना मी स्वतः येईन, त्याचे पैसे नाहीत. तोपर्यंत पहिल्या रांगेजवळ डोअरकीपर उभा राहू द्या. शो सुटल्यावर मुलं पडद्यासमोर फोटो काढायला धावतात, आणि त्यांच्या हातांचे तेलकट ठसेही या लेपावरून निघत नाहीत.