त्रिकोण कुठं हाये?

लेकीनं फेसवॉशचं नाव सांगितलं होतं. एसटीत बसेपर्यंत पाठ होतं, दारव्ह्याला उतरलो अन् गेलं. शेवटी दोन नळ्या घेतल्या, एक हिरवी, एक पांढरी. दुकानदार ओळखीचा. "सील फोडजा नोका भाऊ, बाजाराच्या दिवशी एक परत आणजा." म्हणजे कोणती ठेवायची ते मागचं वाचूनच ठरवणं आलं.

मागची अक्षरं अशी, की चष्म्यालाही चष्मा लागावा. मोबाईलवर फोटो काढून बोटांनी ताणत बसलो, तेवढ्यात बाबा ओसरीवर आले.

बाबा लेबलाचे पक्के. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाल्या, माणसं गेली. तेव्हापासून फवारणीच्या औषधावरचा, विष किती जहाल ते सांगणारा रंगीत त्रिकोण पाहिल्याशिवाय ते कोणत्याच डब्याचं झाकण उघडत नाहीत. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्यांनी नळी उलटी केली, सुलटी केली.

"त्रिकोण कुठं हाये?"

"बाबा, हे तोंडाले लावायचं हाये."

"मंग तं अजूनच पाह्यलं पाह्यजे."

दोन्ही नळ्यांवर आत काय काय घातलं त्याची यादी, अन् पहिलं नाव एकच, अ‍ॅक्वा. जे जास्त ते आधी लिहायचं, असा या यादीचा नियम. "अ‍ॅक्वा म्हणजे पाणी," मी म्हणालो.

"पाणी इकत आणलं?" आई चुलीपासून ओरडली.

हिरवीत पाण्यानंतर सोडियम लॉरेथ सल्फेट. फेस त्याचा, तेलकटपणा ओढून काढणारंही तेच, अन् जास्त झालं की कातडी ताणते. पांढरीत ते नव्हतं. तिथं दुसऱ्या नंबरावर ग्लिसरीन, मग कोकामिडोप्रोपिल बीटेन. हे नाव तीनदा अडखळून वाचलं. खोबऱ्याच्या तेलापासून करतात म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. पण तेच बीटेन हिरवीतही होतं. तेच सायट्रिक अ‍ॅसिड, तेच फेनॉक्सिइथेनॉल. सख्ख्या जावाच निघाल्या, लुगडी तेवढी वेगळी. हिरवीत शिवाय सोडियम क्लोराईड, म्हणजे साधं मीठ. रस दाट व्हावा म्हणून घालतात. आईनं त्यावर काही बोलायचंही कष्ट घेतले नाहीत.

हिरवीच्या दर्शनी बाजूला कडुनिंबाची डहाळी अशी रसरशीत, की शेळीनं तोंड घालावं. यादीत मात्र निंब शोधता शोधता पार शेपटाला आलो. फेनॉक्सिइथेनॉलच्याही मागे. ते माल टिकावा म्हणून असतं अन् एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. म्हणजे त्याच्या मागं उभा असलेला निंब एक टक्काही नसणार. हे मी मोठ्या ऐटीत समजावलं, अन् तिथंच फसलो.

"आपण कपाशीवर निंबोळी अर्क किती मारतो?" बाबांनी विचारलं.

"५ टक्के."

"५ किलो निंबोळी, १०० लिटर पाणी. मावा-तुडतुड्याले पाच टक्के, अन् आपल्या पोरीले एकबी नाई?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. बाबांनी अंगणातल्या निंबाकडं असं पाहिलं, जणू सातबाऱ्यावरून त्याचं नाव उडवलं होतं.

"मंग हे हिरवं कायनं?"

यादीच्या अगदी टोकाला दोन आकडे होते, सीआय १९१४० आणि सीआय ४२०९०. पहिला पिवळा रंग, दुसरा निळा. दोन्ही मिळून हिरवा.

"पिवळा अन् निळा!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "म्या काय म्हनलो? त्रिकोण लपवून ठेवला."

पांढरी ठेवायची ठरली. लेक शाळेतून आली, पांढरी नळी पाहून म्हणाली, "दुसरीच सांगितली होती." मग हुंगली, अन् घेऊन गेली.

बाजाराच्या दिवशी हिरवी परत न्यायला पाहतो तर जागेवर नाही. सापडली विहिरीवर. सील फुटलेलं, नळी अर्धी चपटी. आमचं पाणी इतकं जड, की साबण घासून झिजतो पण फेसाळत नाही. इथं मात्र पाटभर फेस. बाबा मोटारपंपाचं ग्रीस कोपरापर्यंत चोळून काढत होते.

"लय काम करते हे," हात धुता धुता ते म्हणाले. "बाजारात चाल्ला न? अजून एक आणजो."